चुंबक आधी हातात द्या, व्याख्या मागाहून सांगा



विज्ञानाच्या पुस्तकात चुंबकाचा धडा आला की बहुतेक वर्गांत एकच क्रम दिसतो. आधी व्याख्या, मग मॅग्नेस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट, मग चुंबकाचे प्रकार, मग गुणधर्म आणि शेवटी स्वाध्याय. 'सजातीय ध्रुवांमध्ये ........ होते.' मुलं रिकाम्या जागी 'प्रतिकर्षण' लिहितात, गुण मिळतात, धडा संपतो. कपाटातला पट्टीचुंबक सरांच्या किंवा बाईंच्या हातात एकदा लांबून दिसतो. चार टाचण्या चिकटवून दाखवल्या की तो परत डब्यात जातो.

याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चुंबक हा असा विषय आहे, की सहावीतलं मूल त्यातलं पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य स्वतः तपासून पाहू शकतं. अणू डोळ्यांना दिसत नाही, ग्रह हातात घेता येत नाहीत, हृदयाचं काम चित्रावरूनच समजून घ्यावं लागतं. चुंबक मात्र मुठीत मावतो आणि विचारलं की लगेच उत्तर देतो. म्हणून या धड्यातून मूल दोन गोष्टी शिकू शकतं. एक, चुंबक कसा वागतो. आणि दुसरी, कुणी काही सांगितलं तर ते खरं की खोटं हे कसं ठरवायचं. पहिली गोष्ट परीक्षेत येते. दुसरी जन्मभर लागते आणि आपण नेमकी तीच सोडून देतो.

लसणाची गोष्ट सांगा

मेंढपाळाची गोष्ट सांगायला हरकत नाही, पण ती दंतकथा आहे हेही सांगा. त्यापेक्षा मला लसणाची गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण ती खरी आहे.

चुंबकाला लसूण चोळला की त्याची शक्ती जाते, असं प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं होतं. पुढे जवळजवळ दीड हजार वर्षं विद्वान लोक हे एकमेकांच्या पुस्तकांतून उतरवून घेत राहिले. लसूण काही दुर्मीळ नव्हता आणि चुंबकी दगडही लोकांकडे होते. तरी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटलं नाही की आपण एकदा चोळून तर पाहू! इटलीतल्या देला पोर्ता यांनी ते करून पाहिलं आणि १५८९ साली आपल्या ग्रंथात लिहिलं की लसणाने चुंबकाला काहीही होत नाही. पुढे १६०० साली इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम गिल्बर्ट यांनी चुंबकावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात अशा कितीतरी ऐकीव समजुती खोडून काढल्या. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, असं प्रयोगाच्या आधारे मांडणारे गिल्बर्टच. त्यासाठी त्यांनी चुंबकी दगडाचा गोळा घेतला आणि त्यावर छोटी चुंबकसूची फिरवून पाहिली.

आता वर्गात हाच प्रयोग करा. चुंबकाच्या एका टोकाला किती टाचण्या चिकटतात ते तीन वेळा मोजा. मग लसणाची पाकळी ठेचून त्या टोकाला चोळा आणि पुन्हा तीन वेळा मोजा. तिन्ही वेळा आकडा सारखा येत नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. मग वाद सुरू होतो, "सर, याने टाचण्या जास्त दाबल्या!" हा वाद होऊ द्या. एकदाच मोजून का भागत नाही, दोन्ही वेळा टाचण्या सारख्याच का हव्यात, हे मुलं त्या वादातूनच शिकतात. प्रयोगाला लागतात दहा मिनिटं आणि एक लसूण. आणि मुलांना कळतं की छापलेलं वाक्यसुद्धा तपासून पाहता येतं.

ओढणं हा पुरावा नाही

वर्गात विचारा, "ही वस्तू चुंबक आहे की नाही हे कसं ओळखाल?" सगळा वर्ग एका सुरात म्हणेल, "लोखंड चिकटवून!" मग दुसरा प्रश्न विचारा. "दोन वस्तू एकमेकींना चिकटल्या, तर त्यांतली चुंबक कोणती?"

इथे वर्ग गप्प होतो. खरा धडा इथून सुरू होतो.

चुंबक लोखंडाला ओढतो, तसंच लोखंडही चुंबकाला ओढतं. टेबलावर खिळा घट्ट धरून ठेवा आणि हलका चुंबक दोऱ्याने टांगा. चुंबकच खिळ्याकडे सरकेल. शिवाय चुंबकाजवळ आलेलं लोखंड स्वतः तात्पुरता चुंबक बनतं. चुंबकाला चिकटलेल्या टाचणीला दुसरी टाचणी चिकटते, तिला तिसरी. वरचा चुंबक काढला की माळ तुटते. पुस्तकात याला 'प्रवर्तित चुंबकत्व' म्हटलं आहे. माळ हाताने करून पाहिल्यावर तो शब्द मुलांना जड वाटत नाही.

म्हणजे आकर्षणावरून चुंबक सिद्ध होत नाही. प्रतिकर्षणावरून होतं. साधं लोखंड चुंबकाला कधीच दूर ढकलत नाही. दोन वस्तूंनी एखाद्या बाजूने एकमेकींना ढकललं, तर दोन्ही चुंबक आहेत हे नक्की. 'प्रतिकर्षण ही चुंबकत्वाची खात्रीशीर कसोटी आहे' हे वाक्य अनेक मुलांना पाठ असतं. ती कसोटी का, हे विचारलं तर सांगता येत नाही.

यावर एक कोडं द्या. दोन सारख्या दिसणाऱ्या लोखंडी पट्ट्या आहेत. एक चुंबक आहे, एक साधी. टाचणी, दोरा, दुसरा चुंबक, काहीही मिळणार नाही. चुंबक ओळखा. मुलं टोकाला टोक लावतात, ते दोन्हीकडून चिकटतं. थोड्या वेळाने कुणीतरी एका पट्टीचं टोक दुसरीच्या मध्यभागी लावतं. चुंबकाची शक्ती टोकांशी जास्त आणि मध्यभागी जवळजवळ नसतेच. हातातल्या पट्टीचं टोक दुसरीच्या मध्याला जोरात चिकटलं, तर हातातली पट्टी चुंबक. चिकटलंच नाही, तर चुंबक दुसरी. हे कोडं सुटल्यावर 'चुंबकाची शक्ती ध्रुवांशी एकवटलेली असते' हे वाक्य फळ्यावर लिहा. मुलांनी ते आधीच वापरलेलं असतं, म्हणून ते त्यांना आपलं वाटतं.

ध्रुव नेहमी लांबीच्या टोकांना असतात, असाही एक समज पट्टीचुंबकामुळे होतो. स्पीकरमधला गोल कड्यासारखा चुंबक मुलांना द्या. त्याचे ध्रुव वरच्या आणि खालच्या सपाट बाजूंना असतात. मुलांना ते शोधू द्या.

स्टीलच्या डब्याचं काय?

लोखंड, निकेल आणि कोबाल्ट चुंबकाकडे ओढले जातात, असं आपण शिकवतो. मूल चुंबक घरी नेतं, आईच्या डब्याला लावतं आणि दुसऱ्या दिवशी विचारतं, "बाई, स्टील म्हणजे लोखंडच ना? मग डबा का चिकटला नाही?" या प्रश्नाला 'स्टील वेगळं असतं, खाली बस' हे उत्तर देऊ नका. वर्षभरातला तो सगळ्यात चांगला प्रश्न असू शकतो.

स्टेनलेस स्टील एका प्रकारचं नसतं. लोखंडात क्रोमियमबरोबर पुरेसं निकेल मिसळलं की अणूंची मांडणी बदलते आणि लोखंड त्यात असूनही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. घरातली पुष्कळ ताटं, वाट्या, डबे या प्रकारचे असतात. निकेल नसलेलं साधं स्टेनलेस स्टील मात्र चांगलं चिकटतं. इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या भांड्याचा तळ म्हणूनच चिकटणारा असतो. आणखी गंमत म्हणजे न चिकटणाऱ्या पेल्याच्या दुमडलेल्या काठाला चुंबक कधीकधी हलकासा चिकटतो, कारण पत्रा वाकवताना, ठोकताना त्या जागची मांडणी थोडी बदलते.

म्हणजे पदार्थात काय आहे एवढं पुरेसं नाही, त्याची मांडणी कशी आहे हेही महत्त्वाचं. सहावीच्या मुलाला याहून जास्त सांगायची गरज नाही, पण एवढं जरूर सांगावं. भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून 'चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम' असं सांगतात, तेही तितकंसं खरं नाही. कमी निकेल आणि जास्त मँगनीज असलेलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही.

नाण्यांचाही असाच खेळ करता येतो. हल्लीची एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चिकटतात. घरात ठेवणीतला तांबं-निकेल मिश्रणाचा जुना रुपया असला, तर तो निकेल असूनही चिकटत नाही. मुलांना घरातली वेगवेगळ्या सालांची नाणी आणून तक्ता करायला सांगा. आधी अंदाज लिहायचा, मग चुंबक लावायचा. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, शेजारी खरं काय झालं ते लिहायचं. हा नियम मी फार जपते.

मैदानावरचा लोहकीस आणि अलिबागची वेधशाळा

लोहकीस नाही म्हणून प्रयोग राहिला, असं आपण अनेकदा म्हणतो. चुंबक प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घाला आणि शाळेच्या मैदानावरच्या कोरड्या मातीतून, ओढ्याच्या किंवा समुद्रकाठच्या वाळूतून फिरवा. आपला महाराष्ट्र बराचसा काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. पुष्कळ ठिकाणी पिशवीला काळ्या बारीक कणांची दाढी येते. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला केला की कण कागदावर पडतात. दोन-तीन वेळा असं केलं की प्रयोगापुरता कीस जमतो. पुठ्ठ्याखाली चुंबक धरून वर तो भुरभुरला की रेषा दिसू लागतात. पाकिटातल्या लोहकिसापेक्षा मुलांना या किसाचं कौतुक जास्त, कारण तो त्यांनी मिळवलेला असतो.

दिशा शोधतानाही आपण एक गोष्ट विसरतो. लोखंडी बाकावर किंवा मोबाइलजवळ ठेवलेली चुंबकसूची चुकीची दिशा दाखवते. पाच गट पाच वेगवेगळ्या 'उत्तर' दिशा दाखवतात आणि आपण म्हणतो, "असू द्या, उत्तर तिकडे आहे." असं करण्याऐवजी विचारा, सगळ्यांचं उत्तर एक का आलं नाही? मुलं बाक सोडून मैदानाच्या मध्यावर जातील आणि कारण त्यांचं त्यांनाच सापडेल.

हीच अडचण एकदा मुंबईतल्या शास्त्रज्ञांना आली होती. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे ऑर्स्टेड यांनी १८२० सालीच दाखवलं होतं. ट्राम सुरू झाल्या की कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात नवी जागा निवडली गेली ती अलिबागची. तिथली वेधशाळा चुंबकीय नसलेलं साहित्य वापरून बांधली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदी जुळवता याव्यात. अलिबागचं काम आजही चालू आहे. ही गोष्ट कोकणात सहलीला जाणाऱ्या किती शाळा मुलांना सांगतात?

जाता जाता एक. सूचीचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं, याचा अर्थ पृथ्वीच्या उत्तरेकडच्या भागात चुंबकीय दक्षिण ध्रुव आहे. 'विजातीय ध्रुव आकर्षतात' हे कळलेल्या मुलाला हे स्वतः सुचायला हवं. सुचलं नाही, तर वाक्य पाठ झालं आहे, कळलेलं नाही.

'पण पोर्शन कसा संपणार?'

हा प्रश्न येणारच आणि तो खोटा नाही. पन्नास मुलं, दोन चुंबक, पस्तीस मिनिटांचा तास. त्यात शाळेच्या संचातले चुंबक बऱ्याचदा मेलेले असतात. त्यावर एवढंच सांगते, की अडचणी सुटणाऱ्या आहेत. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात किंवा भंगारवाल्याकडे खराब स्पीकर मिळतात, त्यांतला चुंबक संचातल्या चुंबकापेक्षा दमदार असतो. सहा-सात मुलांना एक चुंबक मिळाला तरी पुरतो. शिवणकामाच्या सुईवर चुंबकाचं एकच टोक एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासलं, दर वेळी उचलून पुन्हा सुरुवातीला आणलं, की सुई चुंबक होते. थर्माकोलच्या चकतीवर ठेवून पाण्यात सोडली की होकायंत्र तयार. असे वर्गात दहा चुंबक तासाभरात होतात.

पट्टीचुंबक ठेवताना जोडीने ठेवा, विजातीय ध्रुव शेजारी, मध्ये लाकडी पट्टी आणि दोन्ही टोकांना लोखंडी तुकडे. आपटू नका, तापवू नका. आणि तासाआधी प्रत्येक चुंबक दोऱ्याने टांगून तपासा. कधीकधी त्यावरची उत्तर-दक्षिणेची खूणच उलटी असते आणि मग मुलांसमोर पुस्तक खोटं ठरतं.

वेळेचं म्हणाल, तर दोन तास हाताने काम केलं की व्याख्या आणि गुणधर्म अर्ध्या तासात उरकतात. पाठांतर करून घ्यायला, विसरलेलं पुन्हा घोकून घ्यायला यापेक्षा जास्त वेळ जातो. तो वेळ आपण कधी मोजत नाही.

पालकांसाठी दोन गोष्टी

पहिली, काळजीची. चमकदार बारीक गोळ्यांचे किंवा बटणासारखे ताकदवान चुंबक खेळणी म्हणून विकले जातात. लहान मुलांच्या हाती ते अजिबात देऊ नका. दोन किंवा जास्त चुंबक गिळले गेले, तर आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून ते एकमेकांना चिकटतात, मध्ये आतडं चिमटलं जातं आणि त्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखान्यात न्या. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांच्या छातीजवळही मुलांनी चुंबक नेऊ नये. प्रयोगासाठी स्पीकरचा मोठा चुंबक किंवा पट्टीचुंबकच बरा.

दुसरी गोष्ट विचारांची. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, कारण पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह ओढतं, असा संदेश आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेला असतो. घरातली पद्धत म्हणून दुसरीकडे डोकं करायला कुणाची ना नाही. पण विज्ञानाचं नाव घेतलं की विज्ञानाने तपासायला हवं. रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं, ते हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं आणि चुंबकाला तसं चिकटत नाही. दवाखान्यातलं नेहमीचं दीड टेस्लाचं एमआरआय यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा सुमारे तीस हजार पटींनी ताकदवान असतं. त्यात झोपलेल्या माणसाचं रक्त डोक्याकडे धावत नाही. मग पृथ्वीमुळे कसं धावेल? सहावीतलं मूल हा प्रश्न विचारू शकतं, आपण विचारू दिला तर. चुंबकी कडं घालून सांधेदुखी जाते, चुंबकावर ठेवलेलं पाणी औषधी होतं, हेही दावे त्याच रांगेतले. लसणाची गोष्ट आठवा.

परीक्षेत काय विचारावं?

शेवटी मुलं तेच शिकतात जे आपण विचारतो. म्हणून रिकाम्या जागांबरोबर निदान एक-दोन प्रश्न असे ठेवा:

१. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. दोन्ही चुंबक आहेत असं म्हणता येईल का? का?

२. चुंबकाचे दोन तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला किती ध्रुव असतील? ते कसं तपासाल?

३. वाळू, लोखंडाचा चुरा आणि मीठ एकत्र झालं आहे. तिन्ही वेगळे कसे कराल?

४. घरातली न चिकटणारी एक धातूची वस्तू सांगा. चिकटेल असं आधी वाटलं होतं का?

५. 'चुंबक पाण्यात बुडवला की काम करत नाही' असं मित्र म्हणतो. त्याला शब्दांनी उत्तर न देता प्रयोगाने कसं द्याल?

पाचव्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त गुण ठेवते. पाण्याच्या ग्लासात टाचणी टाकून बाहेरून चुंबकाने वर सरकवत आणणारं मूल पुढे लोहकीस, बलरेषा, विद्युतचुंबक सगळं शिकेल. व्याख्या विसरलं तरी ती पुस्तकात सापडते. 'करून पाहू' म्हणायची सवय या वयात लागली नाही, तर ती पुढे कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

तेव्हा या वर्षी धडा येईल तेव्हा पुस्तक मिटूनच ठेवा. कपाट उघडा, धूळ झटका आणि चुंबक मुलांच्या हातात द्या. तुमच्या वर्गात कोणता प्रश्न निघाला, ते मात्र जरूर कळवा.